लाइव्हसाठी हार्डवेअर एन्कोडर घेताय? या चुका टाळा

लाइव्ह अडखळलं की पहिली शिवी एन्कोडरला बसते. खरं तर हा डबा नुसता मधला दुवा. कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं, दाबून लहान करायचं आणि नेटवर सोडायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्याकडे काय येतंय आणि त्याच्यापुढे किती जाऊ शकतंय, याचा विचार न करता फक्त डबा निवडला की पुढचे घोटाळे सुरू होतात.

एन्कोडर समजून भलतंच काहीतरी घेणं

ही चूक वाटते त्याहून जास्त होते. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचं कॅप्चर कार्ड म्हणजे एन्कोडर नव्हे. ते चित्र फक्त कॉम्प्युटरपर्यंत पोचवतं, दाबायचं आणि पाठवायचं काम कॉम्प्युटरच करतो. एचडीएमआयचं एसडीआय (लांब केबलवर चालणारी व्हिडिओ जोडणी) करणारा कन्व्हर्टर तर त्याहून वेगळी वस्तू.

मागे लॅनचं भोक दिसलं म्हणजे डबा स्वतः लाइव्ह करतो, असंही नाही. ब्लॅकमॅजिकच्या साध्या एटेम मिनी या स्विचरला (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या डब्याला) लॅन पोर्ट आहे, पण तो स्विचर चालवण्यासाठी. नेटवर थेट स्ट्रीम पाठवायची सोय एटेम मिनी प्रोपासून आली. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, त्यामुळे वापरलेला माल घेताना नाव नीट वाचा.

उलटीही गंमत आहे. काही एन्कोडर इमारतीतल्या टीव्हींना चित्र पुरवण्यासाठी बनवलेले असतात. ते मल्टिकास्ट किंवा आरटीएसपी या पद्धतींनी लोकल नेटवर्कवरच चित्र देतात, यूट्यूबच्या सर्व्हरकडे आपणहून ढकलत नाहीत. म्हणून माहितीपत्रकात ‘आरटीएमपी पुश’ (प्लॅटफॉर्मकडे स्ट्रीम ढकलायची पद्धत) आणि ‘आरटीएमपीएस’ (तिचंच सुरक्षित रूप) हे दोन्ही आहेत का ते पाहा. त्या ‘एस’ला किंमत आहे: फेसबुक साधं आरटीएमपी घेत नाही, सुरक्षित जोडणीच मागतं. जुना डबा स्वस्तात मिळतो आणि नेमका इथे अडतो.

४के आणि एच.२६५च्या आकड्यांना भुलणं

खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘४के’ लिहिलेलं असतं. आत बारीक अक्षरात कळतं की ४के फक्त इनपुटला चालतं, किंवा दुसऱ्या स्क्रीनकडे तसंच पुढे जातं. स्ट्रीम मात्र १०८०पीच. त्यामुळे तीन वेगळे प्रश्न विचारा: इनपुट किती, लूप आउट (दुसऱ्या स्क्रीनकडे तसंच जाणारं) किती, आणि एन्कोडिंग किती रेझोल्यूशनला व किती फ्रेमला. ‘४के’ लिहून ३० फ्रेमवरच थांबणारे डबेही आहेतच.

एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी, हे चित्र दाबायचं २०१३ सालचं तंत्र. त्याआधीच्या एच.२६४पेक्षा साधारण निम्म्या बिटरेटमध्ये (दर सेकंदाला जाणाऱ्या डेटात) तेवढंच चांगलं चित्र देतं हे खरं. पण जुन्या आरटीएमपीत त्याला जागाच नव्हती. ती सुधारित आरटीएमपीत, २०२३मध्ये मिळाली. म्हणजे तुमचा डबा, पाठवायचा प्रोटोकॉल आणि समोरचा प्लॅटफॉर्म अशा तिघांनाही एच.२६५ चालत असेल तरच त्याचा उपयोग. शिवाय बहुतेक प्लॅटफॉर्म आलेलं चित्र पुन्हा स्वतःच्या पद्धतीने दाबतात. माझं मत विचाराल तर आजही एच.२६४ नीट करणारा डबा आधी बघा. एच.२६५ असेल तर उत्तम, पण त्यासाठी बाकी तडजोड नको. आणि अपलोड तोकडं असेल तर भरपूर बिटरेटचं ७२०पी हे उपाशी १०८०पीपेक्षा केव्हाही बरं दिसतं.

चित्रच येत नाही: दोष डब्याचा की अलीकडचा?

स्क्रीन काळी, पण केबल ठीक. अशा वेळी आधी एचडीसीपी आठवा. सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, गेम कन्सोल यांच्या एचडीएमआयवर नक्कल रोखणारं कुलूप असतं, आणि ते कुलूप लागलेलं चित्र एन्कोडर घेत नाही. प्लेस्टेशनमध्ये सेटिंगमधून ते बंद करता येतं. काही लॅपटॉपही समोरच्या उपकरणाला एचडीसीपी समजतं असं दिसलं की ते आपोआप चालू करतात. एन्कोडर बदलून काही होणार नाही.

कॅमेरा असेल तर तीन गोष्टी घेण्याआधीच तपासा. एक, एचडीएमआयवर स्वच्छ चित्र मिळतं का, की बॅटरीचं चिन्ह आणि फोकसची चौकटही सोबत येते. दोन, तो अर्ध्या तासाने स्वतः बंद तर होत नाही ना. तीन, त्याची सिग्नलची पद्धत. १०८०आय, म्हणजे एकाआड एक ओळींचं चित्र, पाठवणारे कॅमेरे अजून भरपूर आहेत. डब्यात डीइंटरलेसिंग (त्या ओळी जोडून पूर्ण चित्र करणं) नसेल किंवा बंद असेल तर हात हलला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. लोक याला ‘क्वालिटी खराब’ म्हणतात आणि बिटरेट वाढवत बसतात.

फ्रेमरेटचंही तसंच. कॅमेरा ५० फ्रेम देतोय आणि एन्कोडर ६०वर लावलाय, तर कॅमेरा सावकाश फिरवताना चित्र बारीक बारीक हिसके देतं. ५०ला ५० किंवा २५, ६०ला ६० किंवा ३०. एवढं पाळलं तरी पुष्कळ तक्रारी संपतात.

कॅमेरा लांब असेल तर एसडीआय इनपुटचा डबा घ्या. एचडीएमआयची साधी केबल दहा-पंधरा मीटरपुढे रडवू लागते आणि तिचा प्लग कुणाचा पाय लागला तरी निसटतो. एसडीआयचा बीएनसी प्लग फिरवून अडकतो. १०८०पी ६० फ्रेमसाठी ३जी-एसडीआय लागतं, हे केबल घेतानाही लक्षात असू द्या.

अपलोडचा हिशोब न करणं

सगळ्यात जास्त लाइव्ह इथेच मरतात. कनेक्शनच्या जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, तुम्हाला हवा अपलोडचा. तोही एकदा चाचणी केल्यावर दिसणारा सर्वोच्च आकडा नको, दहा-पंधरा मिनिटं सलग टिकणारा हवा. त्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांशच्या वर बिटरेट ठेवू नका. ६ एमबीपीएसचं लाइव्ह करायचं तर सलग ९ ते १२ एमबीपीएस अपलोड हाताशी हवं.

सिमवर करत असाल तर डेटाही मोजा: ६ एमबीपीएसने तासाला सुमारे २.७ जीबी जातात. एकाच डब्यातून यूट्यूब, फेसबुक आणि स्वतःची साइट अशा तीन ठिकाणी पाठवलं तर १८ एमबीपीएस. ‘एकाच वेळी अनेक ठिकाणी लाइव्ह’ हे वैशिष्ट्य वाचताना हा गुणाकार कुणी करत नाही. अपलोड कमी असेल तर एकच स्ट्रीम बाहेर पाठवा आणि ती वाटायचं काम क्लाउडवरच्या सेवेकडे द्या.

जागेवर आदल्या दिवशी, रिकाम्या हॉलमध्ये घेतलेली चाचणी फसवी असते. कार्यक्रमाच्या दिवशी तिथे हजार मोबाइल येतात आणि तेच टॉवर, तेच वायफाय वापरतात. म्हणून लॅन केबल मिळत असेल तर ती घ्या, आणि ती जोडणी इतर कुणाला वापरू देऊ नका.

दोन सिमचा डबा घेताना विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: बाँडिंग आहे की फेलओव्हर? फेलओव्हर म्हणजे एक लाइन गेली की दुसरीवर उडी, त्यात लाइव्ह काही सेकंद तुटतंच. बाँडिंग म्हणजे एकच स्ट्रीम तुकडे करून सगळ्या लाइनींवरून एकदम पाठवायची. पण ते तुकडे पुन्हा जोडायला पलीकडे सर्व्हर लागतो, आणि त्याचं भाडं सहसा वेगळं असतं. डबा विकत घेतल्यावर हे कळणं त्रासदायक.

आरटीएमपी टीसीपी या नेटवर्क पद्धतीवर चालतं. वाटेत तुकडा हरवला तर तो पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे थांबतात, रांग वाढते आणि शेवटी डबा फ्रेम टाकून देतो. लाइन डळमळीत असेल तर एसआरटी ही पाठवायची दुसरी पद्धत बरी. हायव्हिजन या कंपनीने ते २०१७मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्यात हरवलेला तुकडा परत मागवायला किती वेळ द्यायचा हे आपण ठरवतो. मूळ सेटिंग १२० मिलिसेकंदांचं असतं आणि लोक ते तसंच ठेवतात. जाण्या-येण्याचा वेळ, म्हणजे पिंगचा आकडा, गुणिले चार हा ढोबळ नियम. पिंग ८० असेल तर ३२० ठेवा. फक्त पलीकडेही एसआरटी घेणारं कुणी हवं. बऱ्याच सोशल प्लॅटफॉर्मना ते थेट देता येत नाही.

अडखळतंय, पण कुठे?

डब्याला रेकॉर्डिंगची सोय असावी, असं मी आग्रहाने सांगतो, आणि फक्त कॉपी मिळावी म्हणून नाही. प्रेक्षक म्हणाले सात चाळीसला चित्र अडकलं, तर कार्डावरच्या फाइलमध्ये सात चाळीस बघा. तिथे चित्र स्वच्छ असेल तर कॅमेरा, केबल आणि एन्कोडर तिघेही सुटले, दोष नेटचा किंवा प्लॅटफॉर्मचा. फाइलमध्येही अडकलं असेल तर नेटवाल्याशी भांडू नका, अलीकडे शोधा.

रेकॉर्डिंगच्या कार्डातही एक खड्डा आहे. एफएटी३२ फॉरमॅटमध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. ८ एमबीपीएसला ती मर्यादा साधारण ७० मिनिटांत येते. चांगले डबे तिथे नवी फाइल सुरू करतात, काही मात्र गुपचूप थांबतात. कार्ड एक्सफॅट करता येतं का ते पाहा. आणि वीज मध्येच गेली तर एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते. टीएस फॉरमॅटचा पर्याय असेल तर तो निवडा.

कीफ्रेम आणि बिटरेट

प्लॅटफॉर्मने ‘स्ट्रीम हेल्थ’खाली पिवळी सूचना दाखवली की बऱ्याचदा ती कीफ्रेमचीच (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमची) असते. दर २ सेकंदाला एक, हे जवळजवळ सगळीकडे चालतं. पण काही डबे हा आकडा सेकंदांत नाही, फ्रेममध्ये मागतात. तिथे कुणी २ टाकतं आणि बिटरेट सगळा कीफ्रेममध्येच खर्च होऊन चित्राचा भुगा होतो. २५ फ्रेमला ५०, ३०ला ६०, ६०ला १२०. फ्रेमरेट बदलला की हाही बदला. बिटरेट सीबीआरवर, म्हणजे कायम एकसारखा, ठेवा. ऑडिओ एएसी, १२८ केबीपीएस, स्टिरिओ. पुढे जायला हरकत नाही.

आवाज: मोबाइलवर गायब, हेडफोनवर ठीक

चित्रावर इतकं बोललं जातं की आवाजाचं इनपुट कुणी पाहत नाही. डब्याचं ३.५ मिमीचं भोक लाइन लेव्हलचं आहे की माइकचं? मिक्सरचा आउटपुट माइकच्या भोकात घातला तर आवाज फाटतो, उलट केलं तर कुजबुज होते.

आणि एक चक्रावून टाकणारा प्रकार. मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो आउटपुटमधून टीआरएस केबलने सरळ एन्कोडरच्या स्टिरिओ भोकात जोडलंत, तर तोच आवाज डाव्या बाजूला सुलटा आणि उजव्या बाजूला उलटा जातो. मॉनिटर करणाऱ्याच्या हेडफोनमध्ये तो ऐकू येतो, थोडा विचित्र पसरट वाटतो इतकंच. पण एका स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही बाजू एकत्र होतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. वक्ता तोंड हलवतोय, आवाज नाही. उपाय सोपा: योग्य केबल किंवा मध्ये एक ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर. लाइव्हआधी मोबाइलच्या स्पीकरवर दोन मिनिटं ऐकलं तरी हे पकडता येतं.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर बहुधा आवाज थेट आलेला असतो आणि चित्र कॅमेरा-स्विचरमधून फिरून उशिरा. म्हणून मिलिसेकंदांत ऑडिओ उशिरा करायची सोय असलेला डबा घ्या.

‘लाइव्ह सुरूच होत नाही’

यूट्यूब चॅनलवर लाइव्ह पहिल्यांदा चालू करायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ते आधीच करून ठेवा. स्ट्रीम की (प्लॅटफॉर्म देतो तो गुप्त कोड) कॉपी करताना शेवटी रिकामी जागा चिकटते, ती काढा. ऑफिसच्या नेटवरून आरटीएमपी जात नसेल तर १९३५ हा पोर्ट फायरवॉलने अडवलेला असू शकतो. आरटीएमपीएस बहुधा ४४३वरून जातं आणि तो मोकळा असतो. हॉटेलचं वायफाय ब्राउझरमध्ये पासवर्ड मागतं आणि एन्कोडरला ब्राउझर नसतो, मग मध्ये स्वतःचा ट्रॅव्हल राउटर लागतो.

सगळं बरोबर दिसतंय आणि तरी आरटीएमपीएस जोडत नाही? डब्याचं घड्याळ बघा. बरेच दिवस बंद राहिलेला डबा चालू होताना काही वर्षं मागची तारीख धरून बसतो, मग त्याला सर्व्हरचं प्रमाणपत्र अवैध वाटतं. एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवायची सोय, चालू केलं की काम होतं.

घेण्याआधी दुकानात किंवा डेमोत दोन गोष्टी करून बघा. चालू लाइव्हमध्ये लॅन केबल उपटून अर्ध्या मिनिटाने परत लावा: डबा स्वतः जोडून घेतो का, की कुणीतरी बटण दाबावं लागतं? मग वीज काढून परत द्या: सेटिंग्ज टिकतात का, स्ट्रीम आपोआप सुरू होते का? पंखा नसलेला डबा असेल तर तो तासभर चालवून हात लावून बघा. अडॅप्टरचा प्लग फिरवून बसणारा असेल तर चांगलं, नसेल तर टेपची पट्टी सोबत ठेवा. आणि नवं फर्मवेअर आलंय असं कार्यक्रमाच्या सकाळी दिसलं तर ते संध्याकाळनंतर टाका.