घरकामाची वाटणी करण्यापूर्वी त्याची नोंद कशी ठेवावी

राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार २०२४ मध्ये स्वतःच्या घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ८८. आपल्या घरातला हिशेब काढायचा असल्यास त्याच सर्वेक्षणाप्रमाणे पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखून आठवडाभर प्रत्येकाने स्वतःची कामे लिहावीत. कोल्हापुरात रविवारी मटण आणणे हे पुरुषांचे काम मानले जाते व ते अवश्य लिहावे. परंतु वाटण वाटणे, तांबडा-पांढरा रस्सा करणे, भांडी घासणे आणि मध्येच सासूबाईंना औषध देणे यांचीही स्वतंत्र नोंद करावी. नंतर ‘मदत’ न मागता संपूर्ण काम, ते लक्षात ठेवण्याच्या जबाबदारीसह, सोपवावे.