मतदार नोंदणीचा ऑनलाइन अर्ज फेटाळला? अपिलाआधीची तयारी

मोबाईलवर 'रिजेक्टेड' दिसलं की माणूस दोनपैकी एक करतो. एक तर तोच अर्ज पुन्हा भरतो, नाहीतर थेट हायकोर्टाच्या गोष्टी करायला लागतो. दोन्हीची घाई नको. अशी बहुतेक भांडणं तहसील कचेरी आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्यामधेच मिटतात, आणि तिथे वकिलीपेक्षा फाईलमधल्या तारखा जास्त कामाला येतात. म्हणून आधी एक साधी फाईल घ्या आणि वर पेनाने संदर्भ क्रमांक लिहा.

अर्ज दाखल होताच हा क्रमांक येतो. एसएमएस पुसू नका. अर्जाच्या स्थितीचं पान प्रत्येक टप्प्यावर टिपून ठेवा: अर्ज दाखल, बीएलओ (घरी येऊन पडताळणी करणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) नेमला, प्रत्यक्ष पडताळणी, निर्णय. स्क्रीनशॉटमध्ये वरची वेळ-तारीख कापू नका. घाईत नेमकी तीच कापली जाते. नवीन नावांसाठी आलेल्या अर्जांची यादी नमुना ९ मध्ये प्रसिद्ध होते. त्यात आपलं नाव सापडलं तर ते पानही छापून लावा, म्हणजे 'तुमचा अर्ज आलाच नाही' हे उत्तर तिथेच संपतं.

मग मान खाली घालून स्वतःचा अर्ज तपासा. ऑगस्ट २०२२ पासून नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी आहे. घर बदललं असेल, मतदारसंघ बदलला असेल, तरी नमुना ८. जुनं नाव एका गावात असताना दुसरीकडे नमुना ६ भरला असेल तर तो फेटाळणं चूक नाही, आणि त्यावर अपील म्हणजे पंधरवडा वाया. वयाचंही तसंच. अर्हता दिनांक आता वर्षातून चार: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. ज्या तारखेची यादी तयार होते आहे त्या दिवशी अठरा पूर्ण हवीत. दहावीचं प्रमाणपत्र वयाचा पुरावा म्हणून चालतं, पण त्यावर जन्मतारीख छापलेली असेल तरच. भाडेकरार जोडायचा तर नोंदणीकृत. शंभराच्या स्टँपवरचा घरगुती करार बाजूला ठेवा.

अर्ज बरोबर असेल तर पुढचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं: फेटाळल्याचा लेखी, सकारण आदेश मागा. स्क्रीनवरची एक ओळ म्हणजे आदेश नव्हे. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या नावाने साधा अर्ज करा, दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं म्हणाले तरी आवक-जावकच्या टेबलाला साहेब लागत नाहीत.

माझ्या भाचीच्या अर्जावर शेरा होता, 'पत्त्यावर आढळून आली नाही'. ती दिवसभर कॉलेजात, घरचे कामावर. शेऱ्यावर वाद घालण्यापेक्षा आम्ही सोसायटीच्या वॉचमनची वही मागितली. पडताळणीची जी तारीख दाखवली होती त्या पानावर दोन कुरिअरवाले, एक गॅसवाला, एक प्लंबर. बाकी पान कोरं. त्या पानाचा फोटो, सोसायटीच्या सेक्रेटरीची सही आणि शेजारच्या दोघांचं लेखी निवेदन एवढं जोडलं. आम्ही बीएलओवर खोटेपणाचा आरोप केला नाही. त्या बिचाऱ्या शिक्षिका असतात किंवा अंगणवाडी सेविका, आणि एकेकीकडे हजारभर नावं. 'घर बंद असल्याने भेट झाली नसावी, पुन्हा पडताळणी व्हावी' एवढंच लिहिलं. जे विद्यार्थी वसतिगृहात राहतात त्यांनी बोनाफाईड दाखला आधीच घेऊन ठेवावा.

सुनावणीची नोटीस आली तर जायचंच. यादीच्या पुनरीक्षणात, म्हणजे फेरतपासणीत, केलेल्या दाव्यांबाबत १९६० चे मतदार नोंदणी नियम स्पष्ट आहेत: नोंदणी अधिकाऱ्यापुढे म्हणणं मांडायची संधी सोडली तर अपीलच चालत नाही.

आता मुदती. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २४ खाली पहिलं अपील जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आदेशापासून १५ दिवसांत. दुसरं मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांत. अपिलावर सही हवी, आदेशाची प्रत हवी. प्रत मिळाली नसेल तर ती मागितल्याचा शिक्केवाला अर्ज लावा. दिवाणी दाव्याचा विचार सोडा, कलम ३० ने ती वाट बंद आहे. निवडणूक जवळ असेल तर उलटी मोजणी करा. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख टळली की कलम २३(३) प्रमाणे नाव घालता येत नाही, आणि त्याआधी हरकतींच्या नोटिशीचे सात दिवस जातात. यादीच्या तक्रारीवरून निवडणूक थांबवायला न्यायालयं तयार नसतात. १९८५ च्या लक्ष्मीचरण सेन निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते सांगून ठेवलं आहे. महापालिका-झेडपीची यादीही विधानसभेच्याच यादीवरून प्रभागवार फोडलेली असते. मूळ यादीत नाव नसेल तर पालिकेत हरकत देऊन फक्त हेलपाटा होतो.

जोडायचे निकाल मोजकेच ठेवा. यादीत असलेलं नाव काढलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा लालबाबू हुसेन निकाल: नोटीस आणि ऐकून घेणं याशिवाय नाव वगळता येत नाही. ऑनलाइन दाव्याचाच वाद असेल तर बिहारच्या विशेष सखोल पुनरीक्षणातले अंतरिम आदेश बघा. १४ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने वगळलेली सुमारे ६५ लाख नावं कारणांसह प्रसिद्ध करायला सांगितलं. २२ ऑगस्टला, वगळलेल्यांना ऑनलाइन दावा करू द्या, प्रत्यक्ष येऊन अर्ज देण्याची सक्ती नको, असं सांगितलं. ते आदेश बिहारपुरते आहेत हे अपिलात स्वतःच लिहा, समोरच्याने सांगण्याआधी. आधार दिलं नाही म्हणून अडवलं असेल, तर २०२३ मध्ये निवडणूक आयोगानेच सर्वोच्च न्यायालयात आधार क्रमांक बंधनकारक नसल्याचं सांगितलं होतं, तेही घाला.

ऑनलाइन अर्जाकडे अधिकारी संशयाने बघतात त्याला कारणही आहे. २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात हजारो ऑनलाइन अर्ज बोगस निघाले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला. म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या नंबरवरून अर्ज भरू नका. ओटीपी स्वतःच्याच मोबाईलवर यावा.

प्रकरण पुढे कोर्टात गेलंच तर स्क्रीनशॉटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

भाचीच्या सुनावणीला पाच मिनिटंही लागली नाहीत. अधिकाऱ्यांनी वॉचमनच्या वहीचं पान बघितलं, हसले आणि पुन्हा पडताळणीला पाठवलं. पुरवणी यादीत नाव आलं, आडनावात वेलांटी चुकवून. आता दुरुस्तीसाठी नमुना ८ भरलाय. फाईल तीच आहे, वर दुसरा संदर्भ क्रमांक लिहिलाय.