ऑफ-रोड गाडीच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

टायरमध्ये हवा किती भरायची, या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लावलेल्या पट्टीवर छापलेले असते. ते उत्तर पक्क्या रस्त्यासाठी, ठरावीक वजनासाठी, मूळ मापाच्या टायरसाठी आणि टायर थंड असतानाचे असते. या चारांपैकी एक गोष्ट बदलली तरी आकडा बदलावा लागतो, आणि वाळूत, चिखलात किंवा खडकांत गाडी घालणाऱ्याच्या बाबतीत बहुधा दोन-तीन गोष्टी एकदमच बदललेल्या असतात. तरीही सुरुवात त्या पट्टीपासूनच करावी. टायरच्या अंगावर उठवलेला कमाल दाबाचा आकडा टायरची मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरा, असे तो सांगत नाही. तेवढी हवा भरून कच्च्या वाटेला लागले की टायरचा मधलाच पट्टा जमिनीला टेकतो, पकड सुटते आणि आत बसलेल्यांची हाडे खिळखिळी होतात.

हवा कमी केल्याने नेमके काय होते, ते एका साध्या हिशेबाने समजते. गाडीचे वजन २,००० किलो धरले आणि ते चारही चाकांवर सारखे वाटले, तर प्रत्येक टायरवर ५०० किलो येतात. ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.४६ किलो. एवढ्या दाबाने ५०० किलो तोलायला जवळपास २०० चौरस सेंटिमीटर टायर जमिनीला टेकावा लागतो, आणि दाब निम्म्यावर आणला की हीच जागा साधारण दुप्पट होते. प्रत्यक्षात टायरची भिंतही थोडे वजन पेलते, त्यामुळे हिशेब इतका काटेकोर जुळत नाही. पण दिशा हीच असते. हवा कमी केल्यावर टायर रुंदीला पसरतो असा पुष्कळांचा समज आहे. खरे तर ही टेकणारी जागा मुख्यतः लांबीला वाढते. रणगाड्याच्या पट्ट्याप्रमाणे टायर जमिनीवर लांब पसरतो, म्हणून तो रुतत नाही. रुंद टायर लावल्यावर हवा कमी करायची गरज उरत नाही, हे म्हणूनच खरे नाही.

ही युक्ती जुनी आहे. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात लिबियाच्या वाळवंटात साध्या मोटारी नेल्या, तेव्हा मऊ वाळूवर टायरची हवा कमी करणे हा त्याच्या पद्धतीचा एक महत्त्वाचा भाग होता. दुसऱ्या महायुद्धातील डीयूकेडब्ल्यू (उच्चार ‘डक’) या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या अमेरिकी ट्रकमध्ये तर चालकाला जागेवरून न उठता टायरचा दाब कमी-जास्त करता येई. आपल्या गाडीत तशी सोय नसते, म्हणून चारही चाकांपाशी एकदा वाकण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

आकडे ठरवण्याआधी मोजण्याची शिस्त लागते. थंड टायर म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेला टायर. चालून आलेल्या टायरमधली हवा तापलेली असते आणि गेजवर काही पीएसआय जास्त दिसतात. पक्क्या रस्त्याने दीड-दोन तास येऊन वाळूच्या तोंडाशी थांबल्यावर आपण हवा सोडतो, ती नेहमी अशा तापलेल्या टायरमधून, आणि चूक इथेच होते. मी स्वतः ती केली आहे. दुपारच्या उन्हात चारही चाके नीट १८ वर आणली, संध्याकाळपर्यंत गाडी उत्तम चालली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न मोजताच निघालो. पहिल्याच आवळ वळणावर पुढच्या टायरची कड रिमवरून सुटली. जॅक लावताना उरलेल्या तीन चाकांवर गेज धरला, तर १५ च्या आसपास आकडे होते. टायरमधली हवा ६० अंश सेल्सिअसवरून ३० अंशांवर उतरली की १८ चे १५ होणारच. हे गणित पाठ होते, पण पहाटे आठवले नाही. तेव्हापासून तापलेल्या टायरची हवा सोडताना मी ठरवलेल्या आकड्याच्या दोन-तीन पीएसआय वरच थांबतो, आणि मुक्कामानंतर मोजल्याशिवाय किल्ली फिरवत नाही.

डोंगरात उंचीचाही परिणाम होतो. गेज आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक दाखवतो, आणि ३,००० मीटर उंचीवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे साडेचार पीएसआयने कमी असतो. तापमान तेच राहिले तर खाली ३२ दाखवणारा टायर वर ३६ च्या पुढे जातो. थंडीमुळे त्यातला बराचसा फरक भरून निघतो. म्हणून वर पोहोचल्यावर टायर थंड होऊ देऊन नव्याने मोजावे.

आता जमिनीविषयी. पुढचे आकडे मूळ मापाच्या टायरच्या, फार लादलेल्या नसलेल्या आणि पक्क्या रस्त्यावर ३२ ते ३६ पीएसआयवर चालणाऱ्या मध्यम गाडीसाठी आहेत आणि ते सुरुवातीचे आकडे आहेत. खडीच्या आणि धुळीच्या वाटेवर २५ ते २८ पुरतात. पत्र्याच्या पन्हाळीसारख्या लाटा पडलेल्या रस्त्यावरही हेच ठेवावेत, कारण तिथे टायर थोडा मऊ असला की हादरे शॉक अॅब्सॉर्बरपर्यंत कमी पोहोचतात आणि चाक जमीन सोडत नाही.

वाळूत मात्र संकोच करू नये. १८ पासून सुरुवात करावी, आणि इंजिन ओढ घेऊ लागले किंवा मागे चाकोरी खोल उमटू लागली तर १५-१६ वर यावे. हवा रुतण्याआधी सोडायची असते. रुतल्यावर सोडणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे. तरीही रुतलाच, तर ॲक्सिलरेटर दाबून चाके फिरवत बसू नये, कारण प्रत्येक फेरीला गाडी पोटावर बसण्याच्या जवळ जाते. उतरून चाकांपुढची आणि मागची वाळू हातांनी किंवा फावड्याने काढावी, आणखी तीन-चार पीएसआय सोडावेत आणि आलेल्याच चाकोरीतून सावकाश मागे यावे; ती वाळू एकदा दाबली गेलेली असते. साध्या रिमवर १२ किंवा त्याखालचा दाब फक्त बाहेर पडण्यापुरता, सरळ रेषेत आणि माणसाच्या चालीने वापरावा.

खडकांवर १८ ते २२ ठेवल्याने टायर दगडाला कवेत घेतो आणि पकड वाढते, पण त्याची भिंत बाहेर फुगते आणि धारदार दगड नेमका तिथेच कापतो. भिंतीचे पंक्चर सहसा दुरुस्त होत नाही. म्हणून गोलसर दगडांच्या नदीपात्रात खालचा आकडा आणि कडक, धारदार कपारींत वरचा, असा विवेक ठेवावा. गाडी लादलेली असेल तर २५ च्या खाली न जाणे बरे. हवा कमी केली की गाडीही थोडी खाली बसते, आणि पोटाखालून जेमतेम निघणाऱ्या दगडावर तेवढा फरकही जाणवतो.

चिखलाबाबत जाणकारांचेही एकमत नसते, कारण चिखल हा एक प्रकार नव्हे. खाली कठीण थर असलेल्या उथळ चिखलात टायरने चिखल कापून त्या थरापर्यंत पोहोचणे फायद्याचे, म्हणून २५ च्या आसपास ठेवावेत. तळ न लागणाऱ्या दलदलीत वाळूप्रमाणेच वर तरंगावे लागते आणि १८ ते २० लागतात. काठी खुपसून तळ पाहिल्याशिवाय ठरवू नये. खोल बर्फात तर याहून पुष्कळ खाली जातात; आइसलंडमध्ये प्रचंड मोठे टायर लावलेल्या गाड्या ५ पीएसआयच्याही खाली चालवतात, पण ते टायर आणि त्या रिम वेगळ्याच असतात, तेव्हा तो आकडा उचलून आपल्या गाडीला लावू नये.

वजनाचा विचार स्वतंत्र करावा. मागे पाण्याची पिंपे, सामान आणि जादा इंधन असेल तर मागची चाके पुढच्यांपेक्षा तीन-चार पीएसआय कडक ठेवावीत. एकाच धुरीवरच्या दोन्ही टायरांत मात्र फरक नको. मूळ टायर काढून हलक्या ट्रकच्या वर्गातले, म्हणजे मापाआधी एलटी लिहिलेले, जाड टायर घातले असतील तर चौकटीवरची पट्टी पुरेशी ठरत नाही. तेवढेच वजन पेलायला अशा टायरला पक्क्या रस्त्यावर अधिक दाब लागतो. दुसरीकडे त्यांची भिंत ताठ असल्याने वाळूत तेवढेच पसरण्यासाठी हवा आणखी कमी करावी लागते.

आकडा बरोबर आहे की नाही, हे टायरच सांगतो. पक्क्या रस्त्यासाठी सोपी कसोटी अशी, की थंड असतानाचा दाब लिहून ठेवावा, नेहमीच्या वेगाने तासभर चालवून लगेच पुन्हा मोजावे. वाढ सुमारे ४ पीएसआय असेल तर सुरुवातीचा दाब योग्य होता. एलटी टायरमध्ये ६ पर्यंत चालते. वाढ त्याहून जास्त निघाली तर प्रथमदर्शनी हवा सोडावीशी वाटते, आणि ते चुकीचे आहे. हवा कमी असल्याने टायरची भिंत जास्त वाकली, वाकल्याने तापली आणि तापल्याने दाब वाढला, असा तो क्रम असतो. म्हणून थंड झाल्यावर हवा वाढवावी. वाढ फार कमी असेल तर टायर गरजेपेक्षा कडक आहे. वाळूसाठी पट्टी घेऊन रिमची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे ते पक्क्या जागेवर मोजावे, आणि ही उंची पाऊण होईपर्यंत हवा सोडावी. आधी १६ सेंटिमीटर असेल तर १२ वर थांबावे. टायर वेगळे असोत की गाडी लादलेली असो, ही पद्धत आपोआप जुळवून घेते, म्हणून मला ती आकड्यांपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

सामान फारसे लागत नाही. एक चांगला गेज, बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्हची पिन काढायचे हत्यार पुरते. पिन काढून हवा झपाट्याने जाते, पण ती वाळूत पडली तर दिवस वाया जातो, म्हणून जादा पिना जवळ ठेवाव्यात. हवा सोडताना मोबाइलवर वेळ लावून दर अर्ध्या मिनिटाने मोजावे. दाब उतरत जातो तसा हवेचा वेगही मंदावतो, त्यामुळे पहिल्या मिनिटाच्या अंदाजावर विसंबू नये. कॉम्प्रेसर जवळ नसेल आणि परतीचा पक्का रस्ता लांब असेल, तर हवा सोडण्याचा निर्णय दहादा विचार करून घ्यावा.

२० पीएसआयच्या खाली ताशी ४० किलोमीटर ही मर्यादा पाळावी, अचानक वळण आणि जोराचा ब्रेक टाळावा. डॅशबोर्डवर दाबाचा दिवा लागेल. तो अपेक्षित आहे, पण त्यामुळे खरे पंक्चर झाल्याचे तो वेगळे सांगणार नाही, हे ध्यानात ठेवावे. पक्का रस्ता लागताच, पहिल्या हॉटेलची वाट न पाहता, कडेला थांबून हवा भरावी. मऊ टायरवर वेगाने जाणे म्हणजे त्याला आतून भाजणे. ते नुकसान बाहेरून दिसत नाही. भरून झाल्यावर रिमच्या कडेला अडकलेली वाळू किंवा चिखल पाण्याने धुवावा, व्हॉल्व्हवर थुंकी किंवा साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे, टोपणे घट्ट बसवावीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर एकदा पुन्हा गेज लावावा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा दोन-तीन पीएसआयने उतरलेले दिसले, तर त्याच्या कडेत अजून खडा अडकलेला असू शकतो.