मसाई मारात सफारीला जाताय? या चुका टाळा

केनियाला, मसाई मारा अभयारण्य बघायला जाणारी मराठी मंडळी आता बरीच दिसतात, याचा आनंदच आहे. पण त्याच त्या चुका पाहून जीव हळहळतो. माणसं लाखो रुपये मोजून येतात आणि पहिल्या सकाळपासून ड्रायव्हरच्या मागे लागतात, "चला, पुढे चला!"

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. सिंह झाला, आता बिबट्या दाखवा. बिबट्या झाला, गेंडा कुठे आहे? ताडोब्यात वाघ रस्ता ओलांडून झाडीत गडप होतो, त्यामुळे तिथली धावपळ मी समजू शकते. मारात उघडं गवताळ मैदान आहे. जनावर तासन्‌तास डोळ्यांसमोर असतं, फक्त आपण थांबायला हवं.

एका ऑगस्टमध्ये आमच्या गाडीत पुण्याचे एक काका होते. सकाळी वारुळावर चित्त्याची मादी बसलेली दिसली. बऱ्याच अंतरावर थॉमसन गॅझेलचा, म्हणजे छोट्या हरणांसारख्या प्राण्यांचा, कळप चरत होता. ड्रायव्हरने गाडी लांबच उभी केली आणि इंजिन बंद केलं. मादी खाली उतरली आणि डोकं खांद्यांच्याही खाली घालून गवतातून एकेक पाऊल सरकू लागली. एखाद्या गॅझेलने मान वर केली की ही जागीच थिजायची, उचललेला पाय तसाच अधांतरी. इकडे काकांचा धीर सुटला. "अरे, थोडा आगे लो ना, टिप देता हूँ!" ड्रायव्हर नकारार्थी मान हलवत राहिला. तेवढ्यात दुसरी एक गाडी रस्ता सोडून थेट चित्ता आणि कळपाच्या मधे घुसली. क्षणात कळप उधळला. मादी उठून उभी राहिली, थोडा वेळ बघत राहिली आणि झुडपाकडे परतली. तिथे तिची पिल्लं वाट बघत होती.

या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो. सिंह आणि तरस यांच्या वाटेला जायला नको म्हणून चित्ता बहुतेक वेळा दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या गाड्या फिरतात तेव्हाच. हुकलेली शिकार पिल्लांच्या पोटावर येते. एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, २५ मीटरचं अंतर ठेवायचं, रस्ता सोडायचा नाही, हे नियम त्यासाठीच आहेत. ते मोडले तर दंड होतो आणि ड्रायव्हरच्या पोटावर पाय येतो. टिपचं आमिष दाखवून त्याला नियम मोडायला लावू नका, ही हात जोडून विनंती.

मी सकाळी निघतानाच ड्रायव्हरला सांगते, आमच्याकडे यादी नाही आणि घाईही नाही. मग तो खुलतो. गॅझेल कुठे टक लावून बघतायत ते बघा, म्हणजे शिकारी जनावर कुठे आहे ते कळेल, हे मला अशाच एका ड्रायव्हरने शिकवलं.

विल्डबीस्ट, म्हणजे गायीएवढी रानटी जनावरं, कळपाने मारा नदी ओलांडतात, त्या क्रॉसिंगलाही हेच लागू. जुलै ते ऑक्टोबर हा हंगाम, पण वेळ कोणीच सांगू शकत नाही. हजारोंचा कळप काठाशी येतो, पुढचे पाणी हुंगतात आणि सगळे माघारी फिरतात. जेवणाचे डबे सोबत घ्या आणि बसून राहा. जेवायला लॉजवर परत जायचा हट्ट धरू नका.

दुसरी चूक यलो फीव्हरच्या लशीची. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. एजंट म्हणतो, "होऊन जाईल." नाही होत. केनियाहून परतताना वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. तिकीट काढलं की त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या आणि लशीच्या प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचंही डॉक्टरांना तेव्हाच विचारा.

तिसरी चूक, सहा रात्रींत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मारा अशी चार ठिकाणं कोंबायची. अंबोसेलीहून मारा गाठण्यात अख्खा दिवस जातो. एक पार्क गाळा, पण मारात किमान तीन रात्री राहा. अंबोसेलीला गेलातच तर पहाटे उठा, तिथून दिसणारा किलिमांजारो पर्वत नंतर ढगांत जातो.

माराच्या प्रवेश तिकिटाचा हिशेबही नीट समजून घ्या. परदेशी प्रौढांना जुलै ते डिसेंबर माणशी २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर, तेही सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढ्या वेळासाठी. शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडला नाहीत तर पुन्हा पैसे. स्वस्त पॅकेजमध्ये हे शुल्क धरलंय का, ते लेखी घ्या.

बाकी थोडक्यात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, खाऊ कापडी पिशवीत भरा. छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान १५ किलोपर्यंत आणि बॅग मऊ हवी. पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर विसरू नका. काळे आणि गडद निळे कपडे नकोत, चावणाऱ्या त्से-त्से माश्या त्या रंगांवर येतात. ड्रोन घरीच ठेवा. आणि दुर्बीण माणशी एक घ्या. दोघांत एक असली की चित्ता धावायला लागतो तेव्हा ती नेमकी दुसऱ्याच्या हातात असते.