अर्ली डिसिजनवर सही करण्याआधी घरचा आकडा ठरवा

अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणारी मुलं दरवर्षी मला विचारतात, "ताई, अर्ली डिसिजन टाकू का? चान्स वाढतो म्हणतात." अर्ली डिसिजन म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, या अटीवर एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज. मी आधी विचारते, घरून वर्षाला किती देता येतील? आईबाबांशी हे बोलणं झालं नसेल, तर टाकू नका.

अर्ज साधारण १ नोव्हेंबरला जातो, निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. प्रवेश मिळाला तर इथेच येणार, बाकीचे अर्ज मागे घेणार, अशा करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक तिघांच्या सह्या असतात. दोन कॉलेजांना असा शब्द देणं ही सरळ फसवणूक आहे, आणि तिची झळ शाळेतल्या पुढच्या मुलांना बसू शकते.

पण करार सगळ्यांना सारखा पडत नाही, हे मला फार खुपतं. ज्यांना पैशांची चिंता नाही ते डोळे मिटून सही करतात. ज्यांना कॉलेजकडून आर्थिक मदत हवी, त्यांना चार कॉलेजांच्या ऑफर शेजारी ठेवून बघता येत नाहीत. प्रिन्स्टनने २००६ मध्ये अर्ली डिसिजन बंद करायचं ठरवलं ते याच मुद्द्यावर. २०११ मध्ये परत आणलं ते बंधन नसलेलं अर्ली अ‍ॅक्शन.

अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही कॉलेजं परदेशी मुलांचाही प्रवेश ठरवताना घरची ऐपत बघत नाहीत आणि गरज असेल तेवढी मदत देतात. मात्र गरज किती, हे कॉलेज ठरवतं. निफाडकडच्या एका मुलीचा सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठी घरचं उत्पन्न आणि मालमत्ता कळवायचा फॉर्म, आम्ही एकत्र भरला. द्राक्षबागेच्या जमिनीची किंमत कागदावर मोठी, हातात येणारं उत्पन्न मात्र पावसाच्या भरवशावर. सातबारा, आयटी रिटर्न, पीककर्जाचा उतारा आणि हे सगळं समजावणारं पत्र जोडलं. तिने रेग्युलरमध्येच, म्हणजे बंधन नसलेल्या नेहमीच्या फेरीतच, अर्ज केले. दोन ऑफर आल्या आणि घरून भरायच्या रकमेत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. अर्ली डिसिजनमध्ये तिला हा फरक कळलाच नसता.

तरीही टाकणार असाल, तर मदतीचा अर्ज त्याच वेळी करा. परदेशी विद्यार्थ्यांना बरीच कॉलेजं नंतर मागू देत नाहीत. मिळालेली मदत खरोखर अपुरी असेल तर करारातून सुटता येतं, ही पळवाट नव्हे, नियमच आहे. आधी कॉलेजच्या एड ऑफिसला (आर्थिक मदत ठरवणाऱ्या कार्यालयाला) कागदपत्रांसह फेरविचारासाठी लिहा. त्यांचं उत्तर येईपर्यंत बाकीचे अर्ज मागे घेऊ नका. रेग्युलरची मुदत जानेवारीच्या सुरुवातीलाच संपते, म्हणून ते निबंध निकालाआधीच लिहून ठेवा.