आयकॉनच्या कडा धूसर का येतात? पिक्सेल ग्रिडवर बसवताना या चुका टाळा

८०० टक्के झूम करून पाहिला तर आयकॉन अगदी कोरून काढल्यासारखा दिसतो. तोच १०० टक्क्यांवर आणला की उभ्या रेघा पुसट आणि उगाच जाड, ओल्या कागदावर शाई फुटावी तशा. कारण साधं आहे: कड पिक्सेलच्या सीमेवर पडलेली नाही. पिक्सेल अर्धाच झाकला गेला, तरी स्क्रीनला तो अर्धा काळा आणि अर्धा पांढरा ठेवता येत नाही. ती अख्खा पिक्सेल राखाडी करून मोकळी होते. आता ही कड सरकली कुठे? चित्र काढताना, एक्स्पोर्ट करताना, की पानावर बसवताना? हे न तपासता सगळे बिंदू निवडून ‘स्नॅप टू पिक्सेल’ (बिंदू जवळच्या पिक्सेल-सीमेवर ओढणारी सोय) दाबणं ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक, आणि त्याने बरेचदा नवं दुखणं मागे लागतं.

राखाडी रंग न वाचताच दुरुस्तीला लागणं

स्क्रीनशॉट घ्या, मोठा करा आणि कडेच्या पिक्सेलवर कलर पिकर (रंगाचा आकडा दाखवणारं साधन; ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) ठेवा. पांढऱ्यावर काळा आयकॉन असेल आणि आकडा १२८ च्या आसपास आला, तर कड बरोबर अर्ध्या पिक्सेलवर आहे. १९१ च्या जवळपास आला, तर तो पिक्सेल पावच झाकला गेलाय. मग हा राखाडी कुठे कुठे पसरलाय ते बघा. एकाच कडेला असेल तर चूक चित्रात आहे. सगळ्या उभ्या कडा सारख्याच सरकल्या असतील तर चित्र ठीक आहे, आयकॉन चुकीच्या जागी बसलाय. आणि डावी कड स्वच्छ, पण उजवीकडे जावं तसा राखाडी बदलत जातोय, तर कोणीतरी आयकॉनचा आकार बदललाय. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

रेघेची जाडी आणि पाथची जागा यांचा मेळ न घालणं

स्ट्रोक (रेघेची जाडी) पाथच्या, म्हणजे आकाराच्या मूळ रेषेच्या, दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. पाथ ५ वर आणि स्ट्रोक १ पिक्सेलचा असेल, तर रेघ ४.५ पासून ५.५ पर्यंत जाते. म्हणजे एका काळ्या रेघेऐवजी दोन राखाडी रेघा, आणि काळा पिक्सेल एकही नाही! इथे पाथ ५.५ वर हवा. जाडी १ किंवा ३ असेल तर पाथ अर्ध्यावर, २ किंवा ४ असेल तर पूर्णांकावर. १.५ जाडीची एक बाजू राखाडीच राहणार. ती घ्यायची तर हे मान्य करूनच घ्या.

यातलीच एक अडचण भल्याभल्यांना चकवते. २४ पिक्सेलच्या आर्टबोर्डवर (चित्राच्या चौकटीत) १ पिक्सेल जाडीचं अधिकचिन्ह काढा. मधोमध ठेवलं तर उभी रेघ ११.५ ते १२.५ वर येते आणि धूसर होते. ती स्नॅप केली तर १२ ते १३ वर जाते. मग डावीकडे १२ पिक्सेल मोकळे, उजवीकडे ११. तिसरा मार्ग नाही. सम आर्टबोर्डला सम जाडी द्या, किंवा अर्धा पिक्सेल बाजूला सरकलेलं चिन्ह चालवून घ्या.

फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रोक ‘आत’ ठेवून हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइल-प्रकारात स्ट्रोक पाथच्या मधोमधच असतो, त्यामुळे एक्स्पोर्टमध्ये मास्क किंवा वेगळे आकार तयार होऊ शकतात. फाइल एकदा उघडून बघा. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर वरच्या पट्टीतले एक्स-वाय आकडे स्ट्रोक धरून आहेत की नुसत्या पाथचे, हे प्रेफरन्सेसमध्ये ठरतं. हे माहीत नसेल तर बरोबर असलेला पाथही तुम्ही हलवून ठेवाल.

गोलाईसुद्धा ग्रिडवर ओढणं

वर्तुळाचे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार टोकाचे बिंदू ग्रिडवर हवेत. हँडल (बिंदूला जोडलेल्या, गोलाई ठरवणाऱ्या दांड्या) नकोत. ४ त्रिज्येच्या वर्तुळाचं हँडल साधारण २.२१ लांब असतं. स्नॅपने ते २ केलं की गोलाई दबून वर्तुळ किंचित चौकोनी शंकरपाळीकडे झुकतं. तिरक्या रेघांनाही थोडा राखाडी लागतोच, त्यानेच त्या सरळ दिसतात. तो घालवायला ‘क्रिस्प एजेस’ (कडा गुळगुळीत न करण्याची एसव्हीजीतली सूचना) लावलं की पायऱ्या पडतात.

एकच चित्र सगळ्या आकारांना वापरणं

२४ चा आयकॉन ४८ ला सुखाने जातो. २० ला नेला की २ ची रेघ १.६७ होते, १६ ला १.३३. ३६ ला रेघ ३ ची होते, ठीक. पण विषम आकड्यांवरच्या कडा अर्ध्यावर येतात. म्हणून लहान आकार वेगळे काढावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लुएंट’ या आयकॉन-संचात १६, २० आणि २४ ची चित्रं वेगळी आहेत ती याचसाठी. आकार ‘ईएम’मध्ये (फॉन्टच्या आकाराच्या पटीत) देणाऱ्यांनी हिशेब करून बघावा: १६ च्या फॉन्टला १.२ ईएम म्हणजे १९.२ पिक्सेल.

जागेचा दोष चित्रावर ढकलणं

मी एकदा एका शोध-आयकॉनवर अख्खी संध्याकाळ घालवली. भिंगाची दांडी तीनदा नव्याने काढली. चित्रात काहीच चुकलं नव्हतं. बटण ४१ पिक्सेल उंच होतं आणि आयकॉन २४. वरखाली साडेआठ-साडेआठ उरत होते. बटण ४० चं केलं आणि विषय संपला. सीएसएसमधल्या (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतल्या) ट्रान्सफॉर्मने ‘उणे ५० टक्के’ सरकवून मधोमध आणलेल्या आयकॉनबाबत हे हमखास तपासा. काही वेळा ब्राउझर जागा पूर्ण पिक्सेलवर आणतो, पण ट्रान्सफॉर्म असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. फिग्मातली फ्रेमच १०३.५ वर उभी असेल, तर २४ ची पीएनजी २५ ची होऊन बाहेर पडू शकते.

विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असेल, तर २४ चा आयकॉन ३० चा होतो आणि २ ची रेघ अडीचची. तक्रार आली तर आधी समोरच्याचं स्केलिंग विचारा, आणि अशा वेळी फाइलला हात लावू नका. १२५ साठी बसवलेली रेघ १०० वर बिघडेल.