वसतिगृह बंद करताना: आधी पत्ता, मग कुलूप

आमच्या चर्चच्या मंडळीचं परदेशी मुलांचं वसतिगृह बंद झालं तेव्हा वॉर्डन मीच होते. निरोपाची उपासना झाली, जेवण झालं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मी फाटकाला कुलूप लावलं. सगळं नीट पार पडलं या समाधानात अडीच महिने गेले. मग ऐन पावसात टांझानियाचा एक मुलगा माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या आरपीची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, मुदत वाढवायचं काम अडलं होतं. परवान्यावर आमच्याच वसतिगृहाचा पत्ता होता आणि तिथे कुलूप होतं. नव्या घरमालकाने सी-फॉर्म, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याची खबर देणारा फॉर्म, भरलेला नव्हता, कारण असा फॉर्म असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला मी हवी होते. पोराने वर्ध्याच्या चार चकरा मारल्या, दंड भरला, एक पेपर बुडवला.

आता येत्या एप्रिलअखेर मुलींची इमारतही बंद होते आहे, आणि अमरावतीकडच्या एका मंडळीनेही फोन करून विचारलं. म्हणून लिहून देते.

निर्णय झाला की किमान एक पूर्ण सत्र आधी मुलांना सांगा. परीक्षेच्या तोंडावर नको. सांगताना पाळकसाहेब आणि वॉर्डन दोघांनी समोर बसावं, नोटीस चिकटवून मोकळं होऊ नये. पहिल्याच बैठकीत एक गोष्ट स्पष्ट करा: व्हिसा विद्यापीठातल्या प्रवेशावर असतो, वसतिगृहावर नाही. हे न सांगितल्यामुळे एका मुलीने त्याच रात्री बॅग भरून ठेवली होती. नेपाळच्या मुलांना व्हिसाच लागत नाही, त्यांचा मुख्य प्रश्न खोलीचा.

खोली शोधायला मुलांना एकटं पाठवू नका. गावात आफ्रिकेच्या मुलांना पाहून दार लावणारी घरं आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फोनवर रिकामी असलेली खोली आम्ही पोचेपर्यंत भरलेली असते. मंडळीतल्या कुणी सोबत गेलं की बोलणं वेगळं होतं. दोन-तीन घरं मंडळीतच आधी बोलून ठेवा. भाडेकरार लेखी घ्या, तो पुढे लागतोच.

आता पत्ता. मुलगा नव्या खोलीत गेला म्हणजे काम झालं असं समजू नका. परदेशी माणसाला राहायला ठेवणाऱ्याने २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं, मग ते लॉज असो, वसतिगृह असो की कुणाचं साधं घर. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांबद्दलचा नवा कायदा लागू झाला, कागदांची नावं बदलली असतील, पण ही जबाबदारी तशीच आहे. आम्ही अजून सी-फॉर्मच म्हणतो. घरमालकाला त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि खेड्यातला घरमालक ती आपणहून करणार नाही. त्याच्याजवळ बसा, त्याच्या मोबाईलवर करून द्या, भरलेल्या फॉर्मची प्रत काढून मुलाच्या हातात ठेवा.

हे झालं घरमालकाचं. मुलाचं वेगळं. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याची नोंदणी झालेली असते, आणि पत्ता बदलला की तो त्या नोंदणीतही बदलून घ्यावा लागतो. अर्ज ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर, करायचा. आपल्याकडे जिल्ह्याला पोलीस अधीक्षकच नोंदणी अधिकारी असतात, त्यामुळे बोलावलं तर जिल्ह्यालाच जावं लागतं. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, भाडेकरार किंवा सी-फॉर्मची प्रत आणि विद्यापीठाचं बोनाफाईड आधीच स्कॅन करून ठेवा. बोनाफाईडला वेळ लागतो, आणि मे महिन्यात सह्या करणारे सुटीवर असतात. म्हणून पत्त्याचं काम मार्चमध्ये सुरू करा. मार्चमध्ये. एप्रिलमध्ये नाही.

एक दोनशे पानी वही करा. प्रत्येक मुलाला एक पान: नवा पत्ता, घरमालकाचा फोन, सी-फॉर्म भरल्याची तारीख, आरपीवर पत्ता बदलल्याची तारीख, बँकेत पत्ता बदलल्याची तारीख. “करतो म्हणाला” असं वहीत लिहू नका. तारीख लिहा, नाहीतर रकाना कोरा ठेवा. मागच्या वेळी माझ्याकडे मुलांचे फोन होते, पुढचे पत्ते होते, अगदी वाढदिवससुद्धा होते. पत्ता बदलल्याची तारीख तेवढी नव्हती.

पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी आधी यवतमाळला होती, १९८३ साली पुण्याला गेली. संस्था हलते तेव्हा तिच्या सोबत सगळे हलतात, कागदही. संस्था बंद होते तेव्हा प्रत्येक मुलगा एकटा हलतो. पत्त्याचा एवढा आग्रह त्यासाठी.

सामानाचं. “पेटी राहू द्या, नंतर नेतो” याला हो म्हणू नका. टिनाच्या खोलीत मे महिन्यात काय होतं ते आपल्याला माहीत आहे, आणि उन्हातून वाचलं ते पावसात उधई खाते. एका मुलाची बारावीची मूळ प्रमाणपत्रं अशीच गेली. पासपोर्ट तर ऑफिसच्या कपाटात एक दिवसही ठेवू नका.

भांड्यांवर नावं कोरलेली असतात. आमच्या मोठ्या कढईवर एका म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याच्या स्मरणार्थ नाव घालून दिलेलं आहे. त्या कढईत मेसच्या मावशी आफ्रिकेच्या मुलांसाठी ज्वारीच्या पिठाची उगाली, म्हणजे त्यांच्याकडची घट्ट उकड, हाटायच्या, दोन्ही हातांनी लाकडी पळी धरून. मक्याचं पीठ मिळालं नाही तेव्हा त्यांनीच ही युक्ती काढली. भांडी किलोवर विकू नका. देणाऱ्या घरांना आधी विचारा, नको म्हणाले तर मंडळीच्या स्वयंपाकघरात द्या.

मावशींनी मला एवढंच विचारलं होतं, “बाई, हे पोरं आता जेवतीन कुठी?” स्वतःच्या पगाराचं विचारलं नाही. म्हणून ते तुम्ही विचारा. पीएफ, ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती, शेवटचा पगार आणि अनुभवाचं पत्र, हे सगळं शेवटच्या दिवसाआधी हातात पडलं पाहिजे. नंतर ऑफिसच उरत नाही.

इमारत भाड्याने द्यायची घाई पाळकसभेत कुणीतरी करतंच. सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची किंवा विकायची तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. परदेशी देणगीतून घेतलेल्या वस्तूंची यादी वेगळी करा, हिशेब तपासनिसाला दाखवल्याशिवाय एक कूलरही कुणाला देऊ नका.

वीज: महावितरणचं शेवटचं रीडिंग, अनामत परत मागायचा अर्ज. गॅसचं कनेक्शन. इंटरनेट. पाण्याची टाकी रिकामी करून झाका. बोअरची मोटर काढून घ्या. पोस्टमनला सांगा, टपाल पाळकसाहेबांच्या घरी द्यायचं. फलक उतरवा, नाहीतर जुलैत कुणीतरी बॅग घेऊन येतं.

निरोपाची उपासना हवी तशी करा.

कुलूप लावायच्या आदल्या रात्री ती वही पुन्हा काढा आणि एकेक पान बघा. पत्त्याचा एक जरी रकाना कोरा असेल, तर त्या मुलाला फोन करा, आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लावू नका.